क्ष-किरणांचे शिक्षण आणि भोर-वेल्ह्याचा रोगी



वेल्ह्याहून पुण्याकडे येणाऱ्या सकाळच्या एस.टी.त ज्यांनी प्रवास केला असेल, त्यांना एक दृश्य अपरिचित नसेल. खिडकीशी एखादे म्हातारे गृहस्थ बसलेले असतात. पायाशी धडपा बांधलेली पिशवी असते, आणि मांडीवर एक मोठे खाकी पाकीट दोन्ही हातांनी धरलेले असते. पाकिटाला घडी पडू नये म्हणून त्यांची सारी धडपड चाललेली असते. त्या पाकिटात त्यांच्या छातीचा फोटो असतो. फोटो तालुक्याला निघाला, पण तो वाचणारा माणूस शहरात आहे. म्हणून फोटोलाही प्रवास करावा लागतो आणि फोटोच्या मालकालाही. अलीकडे कोठे कोठे हा फोटो मोबाइलवर येतो, पण प्रश्न तोच राहतो : हा फोटो वाचणार कोण?

आमचा आजचा विषय या प्रश्नातून निघाला आहे. वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना आता काही दिवस आपल्या आवडीच्या विभागात शिकण्याची मोकळीक मिळाली आहे. विद्यार्थी त्याला इलेक्टिव्ह म्हणतात. आपण ऐच्छिक पाळी म्हणू. ही पाळी पुष्कळांना क्ष-किरण विभागात घ्यावीशी वाटते. हा डॉक्टरांच्या घरचा प्रश्न, त्यात कामगार संघटनेच्या माणसाने का पडावे, असे कोणी विचारील. आम्ही वैद्यकशास्त्र शिकलेलो नाही. आमचे सारे शिक्षण रात्रशाळा, ग्रंथालय आणि कामगार न्यायालयाचा व्हरांडा एवढ्यातच झाले. पण गेली तीसएक वर्षे कामगारांचे फोटो काखेत मारून आम्ही इतके दवाखाने पालथे घातले आहेत, की या विषयाचा इतिहास शोधल्यावाचून आम्हांला राहवले नाही.

त्या इतिहासाचा आरंभ ८ नोव्हेंबर १८९५ रोजी झाला. जर्मनीतील वुर्झबर्ग येथे प्राध्यापक राँटगेन यांना अंधाऱ्या खोलीत एक अज्ञात किरण आढळला. गणितात अज्ञात राशीला जे अक्षर देतात तेच त्यांनी त्याला नाव म्हणून दिले, आणि आपण मराठीत त्याला क्ष-किरण म्हणू लागलो. डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो काढला. हाडे दिसली आणि बोटातील अंगठीही दिसली. हे राँटगेन तरुणपणी शाळेतून काढून टाकलेले विद्यार्थी होते. शालान्त प्रमाणपत्र नसल्यामुळे त्यांना झुरिकच्या तंत्रविद्यालयात प्रवेशपरीक्षा देऊन शिरावे लागले. पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली त्यांना मिळाले, त्याचे पैसे त्यांनी विद्यापीठाला देऊन टाकले. शोधाचे पेटंट त्यांनी घेतले नाही. हा किरण सर्वांचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. भोर-वेल्ह्याचा माणूस ज्या हक्काने फोटो मागतो, त्या हक्काचे मूळ येथे आहे असे आम्ही समजतो.

पण सर्वांचा असलेला किरण सर्वांपर्यंत पोहोचतो कधी? इतिहासाचे उत्तर असे, की सत्तेला गरज पडते तेव्हा तो फार लवकर पोहोचतो. शोधाला दोन वर्षे होतात न होतात तोच, १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत इंग्रज लष्करातील बीव्हर नावाचे शल्यवैद्य क्ष-किरणांचे यंत्र वायव्य सरहद्दीच्या डोंगरांत घेऊन गेले आणि जखमी सैनिकांच्या अंगातील गोळ्या शोधू लागले. त्या डोंगरांत आजच्यासारखे रस्ते नव्हते, विजेच्या तारा नव्हत्या. तरी यंत्र गेले. म्हणून 'डोंगराळ भाग आहे, अडचण आहे' असे कोणी म्हटले, की आम्हांला तिराहची आठवण होते. राजगड-तोरण्याच्या पायथ्याचा मुलूख तिराहपेक्षा दुर्गम नाही.

दुसरा धडा पहिल्या महायुद्धातला आहे. १९१४ साली युद्ध पेटताच मादाम क्यूरी यांनी मोटारगाड्यांवर क्ष-किरण यंत्रे चढवून ती आघाडीजवळच्या रुग्णालयांकडे नेली. त्यांची मुलगी इरेन ही सतरा-अठरा वर्षांची पोर आईबरोबर हे काम करीत होती. गाड्या झाल्या, पण चालवणारी माणसे कोठून आणायची? तेव्हा क्यूरीबाईंनी सुमारे १५० स्त्रियांना थोड्या काळात या कामाचे शिक्षण देऊन तयार केले. यंत्र नेणे हे अर्धेच काम आहे, यंत्राजवळ जाणते माणूस उभे करणे हे उरलेले अर्धे, हे त्यांनी ओळखले. आपल्याकडे मात्र यंत्राचे उद्घाटन होते, फीत कापली जाते, आणि जाणत्या माणसाची जागा रिक्त राहते.

या किरणाने माणसे वाचवली तशी खाल्लीही. एडिसनचा मदतनीस क्लॅरन्स डॅली याचे हात क्ष-किरणांनी जळाले, कापावे लागले, आणि १९०४ साली तो मेला. जर्मनीतील हँबर्ग येथे १९३६ साली या विद्येपायी प्राण गेलेल्यांचे स्मारक उभारले. त्यावर प्रथम १६९ नावे कोरली होती. त्यांत डॉक्टर होते, शास्त्रज्ञ होते, तंत्रज्ञ होते, परिचारिका होत्या. आज क्ष-किरण विभागातील तंत्रज्ञाच्या छातीवर किरणांची मात्रा मोजणारा छोटा बिल्ला असतो. तो बिल्ला या नावांच्या किमतीत मिळालेला आहे. ज्या विद्यार्थ्याने पाळीत तंत्रज्ञाच्या शेजारी उभे राहून 'श्वास रोखा' म्हणताना ऐकले नाही, बिल्ला कशासाठी हे विचारले नाही, त्याने या विद्येचा अर्धाच भाग पाहिला असे आम्ही म्हणू.

आता आपल्या देशाकडे येऊ. भोर हे नाव उच्चारले की इतिहासाच्या वाचकाला पंतसचिवांचे संस्थान आठवते, जे १९४८ च्या मार्चमध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. पण आरोग्याच्या इतिहासात दुसरे एक भोर आहेत. सर जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले, पुण्यात शिकलेले सनदी अधिकारी. त्यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली आरोग्याची पाहणी करण्यासाठी समिती नेमली गेली आणि १९४६ साली तिचा अहवाल आला. दर दहा ते वीस हजार वस्तीला ७५ खाटांचे एक रुग्णालय असावे, असे त्या अहवालाचे दूरचे स्वप्न होते. २०११ च्या शिरगणतीत वेल्हे तालुक्याची, ज्याला आता राजगड तालुका म्हणू लागले आहेत, लोकसंख्या सुमारे साडेचोपन्न हजार भरली. भोरची सुमारे एक लाख शहाऐंशी हजार. भोरसाहेबांच्या हिशेबाने, एका रुग्णालयामागे मोठ्यात मोठी वस्ती धरली तरी, वेल्ह्याला अशी तीन रुग्णालये हवीत आणि भोरला नऊ. आपल्याकडे ग्रामीण रुग्णालय म्हटले की साधारण ३० खाटा समजतात. हिशेब श्रोत्यांनीच करावा.

त्या अहवालात शिक्षणासंबंधी दोन गोष्टी होत्या. एक अशी, की होणारा डॉक्टर हा समाजाचा वैद्य असावा आणि त्यासाठी त्याला तीन महिने प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे शिक्षण द्यावे. दुसरी अशी, की कमी मुदतीचे वैद्यकीय शिक्षण बंद करून सर्वांना एकच पदवी असावी. त्या काळी एल.सी.पी.एस. झालेले डॉक्टर लहान गावांत पाय रोवून बसत. या दुसऱ्या शिफारशीला समितीतील काही सभासदांनी भिन्नमत नोंदवले होते. पुढे पुण्याचे बी. जे. मेडिकल स्कूल १९४६ सालीच कॉलेज झाले, आणि देशभर वैद्यकीय शाळांची कॉलेजे होत गेली. विद्या उंचावली, यात शंका नाही. पण उंच गेलेली विद्या खोऱ्यात उतरण्याचा रस्ता मात्र कोणी बांधला नाही. समाजाचा वैद्य ही पहिली शिफारस कागदावर राहिली, आणि दुसरी पुरी झाली.

याच सुमारास क्ष-किरणांनी या देशातील खेड्यांविषयी एक मोठे सत्य उघड केले. क्षय हा गिरण्यांच्या शहरांचा, चाळींचा रोग, खेड्यातील मोकळ्या हवेत तो कमी, असा शहाण्यांचाही समज होता. १९५५ ते १९५८ या काळात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने गाड्यांवर लहान फोटोंची यंत्रे नेऊन गावोगाव पाहणी केली. तेव्हा खेड्यातही क्षय जवळजवळ शहराइतकाच आहे असे आढळले. मुंबईत आजारी पडलेला गिरणीकामगार 'हवापालटासाठी' गावी पाठवायचा, ही आपली जुनी रीत. सह्याद्रीच्या स्वच्छ हवेत तो बरा होत नव्हता. पुष्कळदा घरच्यांना रोग देऊन जात होता.

पाठोपाठ १९५९ साली मद्रासच्या केंद्राने दाखवून दिले, की रोजची औषधे नीट घेतली तर घरी राहणारा क्षयरोगी आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो. त्याच वर्षी बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था निघाली. तेथील बॅनर्जी आणि अँडर्सन या अभ्यासकांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेले एक संशोधन आम्ही अनेकदा मोठ्याने वाचून दाखवले आहे. खेड्यातील क्षयाची लक्षणे असलेल्या माणसांना त्यांनी विचारले, आणि त्यांतील निम्मे तरी आपण होऊन दवाखान्यात जाऊन आले होते असे दिसले. दवाखान्याने त्यांना खोकल्याची बाटली देऊन परत पाठवले होते. खेडूत अडाणी आहे, तो येत नाही, ही सबब तेव्हाच खोटी ठरली. तो आला होता. ओळखणारा समोर नव्हता.

पुढे खर्चाच्या विचाराने फोटो मागे पडला आणि थुंकीची तपासणी पुढे आली. सूक्ष्मदर्शक स्वस्त, तालुक्याला नेता येतो, आणि थुंकीत जंतू दिसला की शंका उरत नाही. हा विचार चुकीचा नव्हता. परंतु २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय पाहणीत दिसून आले, की छातीचा फोटो काढला नसता तर सापडलेल्या क्षयरोग्यांपैकी ४२.६ टक्के रोगी हातून निसटले असते. खोकला नाही, ताप नाही, पण फोटोवर सावली आहे, असे हे लोक. म्हणजे सुमारे साठ वर्षांनी आपण पुन्हा त्याच जागी आलो : फोटो हवा, तो खोऱ्यात हवा, आणि वाचणारा हवा.

येथे आम्ही आमच्या अनुभवातील एक गोष्ट सांगतो. दहाबारा वर्षांपूर्वी वेल्हे भागातील एक गृहस्थ आमच्याकडे आले. वय पन्नाशीच्या आत, दिसायला सत्तरीचे. चार पावले चालले की धाप लागे. एका दवाखान्याने त्यांना क्षयाची औषधे दिली होती, दुसऱ्याने पुन्हा दिली, आणि तिसऱ्यांदा सुरू करण्याच्या बेतात होते. थुंकीत एकदाही जंतू सापडला नव्हता. तीन फोटो होते, तिन्हींवर 'दोन्ही फुफ्फुसांच्या वरच्या भागात सावल्या' एवढेच लिहिलेले. आम्ही त्यांना घेऊन एका मोठ्या रुग्णालयात गेलो. दुपारची वेळ होती, मोठे डॉक्टर नव्हते. क्ष-किरण विभागात पंधरा दिवसांच्या पाळीवर आलेली एक शिकाऊ मुलगी होती. तिने तिन्ही फोटो उजेडावर शेजारी शेजारी लावले, बराच वेळ पाहिले आणि मागे वळून विचारले, "बाबा, तुम्ही काम काय करत होता?"

म्हातारा चपापला. इतक्या दवाखान्यांत त्याला नाव विचारले होते, वय विचारले होते, विडी ओढता का विचारले होते. "खडीच्या मशिनीवर व्हतो, पोरी. सोळा वर्सं."

ती मुलगी धावत जाऊन आपल्या सरांना घेऊन आली. रोग सिलिकोसिस होता. दगडाची बारीक धूळ फुफ्फुसात बसून गाठी होतात. त्याही बहुधा वरच्याच भागात दिसतात, म्हणून क्षयाशी घोटाळा होतो. शिवाय सिलिकोसिस झालेल्याला क्षय लवकर गाठतो, म्हणून घोटाळा दुप्पट. झालेला रोग परत फिरत नाही. ते गृहस्थ पुढे वर्षभरात गेले. पण त्याच मशिनीवर काम करणारे त्यांचे दोन सोबती आम्ही तपासून घेतले आणि ते धुळीतून बाहेर निघाले. एका प्रश्नाने एवढे साधले.

हा प्रश्न नवा नाही. इटलीतील वैद्य रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि डॉक्टरांना सांगितले, की रोग्याला इतर प्रश्नांबरोबर 'तुझा धंदा कोणता?' हेही विचारीत जा. त्यांच्याजवळ क्ष-किरण नव्हता. आमच्या रोग्याजवळ तीन फोटो होते, पण प्रश्न नव्हता. यंत्र आणि प्रश्न एकत्र येण्यास तीनशे वर्षे लागली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल काय?

याच्या उलट बाजूही आहे. मुंबईच्या गिरण्यांत सूत खात्यात जन्म गेलेली माणसे घाटावरच्या आणि कोकणातल्या कितीतरी गावांत १९८२ च्या संपानंतर परत आली. कापसाच्या धुळीने त्यांना बिसिनोसिस होतो. सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, पुढे ते रोजचेच होते. या रोगाची खूण सांगणारी सावली फोटोवर उमटत नाही. श्वास मोजावा लागतो. मग 'फोटो साफ आहे, तुम्हांला काही झालेले नाही' असे सांगून माणसाला घरी पाठवतात, आणि कायद्याने मिळणारी भरपाई तेथेच संपते. म्हणून आम्ही म्हणतो, की क्ष-किरण विभागात शिकणाऱ्याने फोटोत काय दिसते याबरोबर काय दिसत नाही हेही शिकले पाहिजे.

आता अभ्यासक्रम पाहा. पदवीच्या विद्यार्थ्याला क्ष-किरण विभागात सक्तीची पाळी असते ती जेमतेम दोन आठवड्यांची. २०१९ च्या नव्या नियमांनी ऐच्छिक शिक्षणाचा काळ आणला : एक भाग प्रयोगशाळेचा किंवा संशोधनाचा, दुसरा रुग्णविभागाचा; रोजची नोंदवही ठेवायची आणि हजेरी पुरी भरायची. आरंभी हा काळ दोन महिन्यांचा होता, पुढे तो एक महिन्यावर आणून पंधरा-पंधरा दिवसांचे दोन भाग केले. पदव्युत्तर शिक्षणाच्या निवडीत सर्वांत वरच्या गुणांचे विद्यार्थी आज क्ष-किरणशास्त्र घेतात. या शाखेत बुद्धी आहे, प्रतिष्ठा आहे आणि पैसाही आहे; त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण अशा विद्यार्थ्याने ऐच्छिक पाळीही शहरातील थंडगार खोलीत, मोठ्या यंत्रांच्या पडद्यासमोरच काढली, तर तो पाकीट मांडीवर धरलेल्या माणसाला कधी भेटणार?

आमची सूचना लहान आहे. पंधरा दिवसांपैकी निम्मे दिवस महाविद्यालयात जावेत आणि निम्मे भोरच्या किंवा वेल्ह्याच्या सरकारी रुग्णालयाला जोडून द्यावेत. तेथे विद्यार्थ्याने तंत्रज्ञाजवळ उभे राहावे, निघालेला फोटो रोग्यासमक्ष पाहावा, धंदा विचारावा, उत्तर लिहावे, आणि संध्याकाळी तेच फोटो आपल्या शिक्षकांना दाखवून आपले कोठे चुकले ते समजून घ्यावे. सोनोग्राफीचे यंत्र त्याने हाती धरावे असे आम्ही म्हणत नाही. पोटातील मुलींच्या रक्षणासाठी महाराष्ट्राने १९८८ साली आणि केंद्राने १९९४ साली केलेले कायदे आम्हांला प्रिय आहेत, आणि त्यांत ढिलाई नको.

याला दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की तालुक्याच्या रुग्णालयात शिकवणारा तज्ज्ञ नाही, तेथे विद्यार्थी काय शिकणार? तज्ज्ञ नाही हे खरे दुखणे आहे, आणि विद्यार्थी पाठवून जागा भरल्याचे सोंग सरकारने आणू नये, असे आम्ही युनियनची माणसे सर्वांआधी म्हणू. विद्यार्थी हा फुकटचा कामगार नव्हे. अहवालावर सही तज्ज्ञाचीच हवी. पण पुणे पन्नास-साठ किलोमीटरवर आहे आणि फोटो आता क्षणात तारेवरून जातो. शिक्षकाचे डोळे पुण्यात राहून फोटो पाहू शकतात. रोग्याच्या शेजारी मात्र कोणीतरी प्रत्यक्षच असावे लागते.

दुसरा आक्षेप नव्या युगाचा आहे : आता यंत्रच फोटो वाचते, मग माणसाला शिकवायचे कशाला? २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने क्षयाच्या चाळणीसाठी संगणकाने फोटो वाचण्यास मान्यता दिली, आणि डिसेंबर २०२४ पासूनच्या क्षयविरोधी मोहिमेत हातात मावणारी क्ष-किरण यंत्रे आपल्या देशात गावोगाव फिरली. आम्ही यंत्राचे शत्रू नाही. यंत्र खोऱ्यात येते आहे याचा आम्हांला आनंदच आहे. ते सावली दाखवील, कदाचित थकलेल्या डॉक्टरापेक्षा चांगली दाखवील. पण क्षयासाठी शिकवलेले यंत्र सावलीत क्षयच शोधणार. खडीच्या मशिनीवर किती वर्षे होता, तेथे धुळीवर पाणी मारीत होते की नाही, सोबती किती होते, हे विचारायला त्याला सांगितलेले नाही. जसजसे यंत्र वाचू लागेल, तसतसे विचारणाऱ्या माणसाचे मोल वाढेल असे आम्हांला वाटते.

विद्यापीठाने आणि सरकारने काय करावे हे सांगितले. आता आपण नगरवासीयांनी काय करावे? एक गोष्ट आजपासून करता येईल. घरातील कोणाचा, शेजाऱ्याचा, आपल्याकडे कामाला असलेल्या माणसाचा छातीचा फोटो काढला, की त्या खाकी पाकिटावर नावाखाली त्याचा धंदा आणि किती वर्षे केला ते स्वच्छ अक्षरात लिहा. 'खडी मशीन, १६ वर्षे.' 'गिरणी, सूत खाते, २२ वर्षे.' 'बांधकाम, फरशी कापणे, ९ वर्षे.' याला सरकारी मंजुरी लागत नाही, पैसा लागत नाही. एस.टी.तून जाणारे ते पाकीट ज्या कोणा विद्यार्थ्याच्या हाती पडेल, त्याला तो प्रश्न आयताच सुचेल.

आमच्या संघटनेच्या कचेरीत ते तीन फोटो अजून आहेत. तिघांवरही धंदा लिहिलेला नव्हता. तो नंतर आम्ही आमच्या हाताने लिहिला.